काकांची पावती आणि मिकी उंदीर

परवा लष्करातल्या आमच्या जुन्या वाड्यात माळ्यावरची पेटी उघडली, तेव्हा काकांच्या कथासंग्रहाची वाळवीतून वाचलेली एकुलती एक प्रत हाती आली. आत १९६२ सालची पावती होती : ‘सर्व हक्क कायमचे विकत दिले, रुपये पंचाहत्तर भरून पावलो.’ संग्रह पुन्हा छापावा असे मनात आले. पण ते प्रकाशन केव्हाच बंद पडले आणि हक्क आता कोणाकडे, हे सांगणारे कोणी उरले नाही. काका १९७१ साली गेले. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. म्हणजे १ जानेवारी २०३२ पर्यंत थांबणे आले. तोवर वाळवी थांबेल काय?

१९५७ च्या कायद्यात ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या ग्रंथांवरील विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपत आला, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढविण्यात आली. आमच्या ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे हेही १९४१ सालीच निवर्तले. त्यांच्या कवितेलाही ती दहा वर्षे आपोआप लाभली. काकांच्या पुस्तकालाही लाभली. पण तेथे ती कुलूप ठरली.

आता अमेरिकेकडे पाहा. डिस्ने कंपनीच्या मिकी उंदराचा १९२८ सालचा बोलपट मुक्त होण्यास पाच वर्षे उरली असता, १९९८ साली तेथील मुदत वीस वर्षांनी वाढली. १ जानेवारी २०२४ रोजी तो बोलपट सर्वांचा झाला खरा. पण मिकी हे कंपनीचे व्यापारचिन्हही आहे, आणि व्यापारचिन्हाला मरण नाही. आपल्याकडेही दर दहा वर्षांनी शुल्क भरून नूतनीकरण केले, की ते चालूच राहते. त्यावर पहारा ठेवायला मात्र पदरी वकील हवेत. एकट्या लेखकाला ते कोठून परवडावे?

तेव्हा मुदत लांबली म्हणून लेखकाने हुरळून जाऊ नये. त्याचे भवितव्य ठरते ते सहीच्या कागदावर. १९९४ च्या दुरुस्तीनंतर करारात मुदत लिहिलेली नसेल, तर दिलेला हक्क पाचच वर्षे टिकतो. म्हणून वाचकहो, आपल्या घरी कोणी लिहिणारे असेल, तर त्याला एवढेच सांगा : ‘कायमचे’ हा शब्द दिसला, की लेखणी खाली ठेव.

काकांना हे कोणी सांगितले नाही. त्या पंचाहत्तर रुपयांत त्या वर्षीची दिवाळी झाली, असे काकू सांगत असे.