समुद्रावरचे पहारे – ९ : काँक्रीटची युद्धनौका

या लेखमालेत आतापर्यंत आपण दगडी तट पाहिले. आजचा किल्ला काँक्रीटचा आहे, आणि तो उभा करण्यासाठी आधी एक अख्खं बेट छाटावं लागलं.

फिलिपिन्समधल्या मनिला उपसागराच्या तोंडाशी एल फ्राइले नावाचा एक खडक होता. १ मे १८९८ रोजी, उजाडण्यापूर्वीच्या अंधारात, अमेरिकन सेनानी ड्यूई आपला ताफा घेऊन या खडकाजवळून आत शिरला. खडकावरच्या स्पॅनिश तोफांनी थोडेफार गोळे डागले, पण ताफा थांबला नाही. त्याच सकाळी स्पेनच्या आरमाराचा निकाल लागला. फिलिपिन्स अमेरिकेच्या हाती आलं, आणि आपण ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं उद्या दुसरा कोणी येईल, ही धास्ती नव्या मालकांना लागली.

उपसागराच्या बंदोबस्ताचा आराखडा झाला तेव्हा या खडकावर फक्त पाणसुरुंगांचं नियंत्रण करणारं ठाणं ठेवायचं होतं. जॉन किंगमन या लष्करी अभियंत्यानं त्याहून धाडसी कल्पना मांडली. खडक पाण्याच्या पातळीपर्यंत तासायचा आणि त्यावर युद्धनौकेसारखे फिरते पोलादी बुरूज असलेला किल्ला ओतायचा! १९०९ मध्ये काम सुरू झालं. तयार झाला तो ३५० फूट लांब, १४४ फूट रुंद आणि पाण्यावर ४० फूट उंच असा फोर्ट ड्रम. भिंती २५ ते ३६ फूट जाड, वरचं छत २० फुटांचं. दोन बुरुजांत मिळून १४ इंची चार तोफा होत्या, आणि त्यांचा एकेक गोळा साडेसातशे किलोंचा. दोन्ही कुशींत ६ इंची तोफा, मागे जाळीदार पोलादी टेहळणी मनोरा. दारूगोळा, वीज, पाणी, शिपायांची वस्ती, सगळं पोटात. दुरून पाहणाऱ्याला ती नांगर टाकून उभी असलेली नौकाच वाटे, म्हणून ‘काँक्रीटची युद्धनौका’ हे नाव रूढ झालं.

माझ्या मते जगातल्या सागरी दुर्गांत इतकी टोकाची रचना दुसरी नाही. तरीही ती ज्या लढाईसाठी केली होती, ती लढाई झालीच नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी ताफा उपसागराच्या तोंडातून घुसायला आलाच नाही. फौजा इतरत्र किनाऱ्यावर उतरल्या, मनिला मागच्या बाजूनं घेतली, आणि समुद्राकडे पाहणाऱ्या किल्ल्याला आता जमिनीकडे तोंड फिरवावं लागलं. तिथे मनोरा आडवा येत होता. म्हणून १२ जानेवारी १९४२ ला मागच्या बाजूला एक ३ इंची तोफ घाईनं बसवली. दुसऱ्याच दिवशी, काँक्रीट पुरतं वाळलेलंही नसताना, जवळ येऊ पाहणाऱ्या जपानी ताब्यातल्या एका आगबोटीला तिनं पिटाळलं. दुसऱ्या महायुद्धात शत्रूवर मारा करणारी अमेरिकेची पहिली किनारी तोफ ती हीच. त्या सगळ्या अजस्र तोफांआधी या धाकटीला मान मिळाला.

फेब्रुवारीपासून काव्हितेच्या किनाऱ्यावरून जपानी तोफा आग ओकू लागल्या. मार्चमध्ये २४० मिलिमीटरच्या तोफाही आल्या. काँक्रीटचे टवके उडाले, विमानविरोधी तोफा नष्ट झाल्या, पण मोठे बुरूज शाबूत राहिले. संपूर्ण वेढ्यात किल्ल्यातला एकही माणूस दगावला नाही. ५ मेच्या रात्री उपसागराच्या मुख्य ठाण्यावर, कॉरेगिडोर बेटावर, चाल करून येणाऱ्या जपानी बोटींवरही याच तोफांनी मारा केला. पण ६ मे रोजी कॉरेगिडोरनं शरणागती पत्करली, आणि न फुटलेला फोर्ट ड्रमही त्याबरोबर गेला. एकमेकांच्या आधारानं उभ्या असलेल्या किल्ल्यांत मुख्य ठाणं पडलं की उरलेल्यांची अभेद्यता कामाला येत नाही.

तीन वर्षांनी बाजू उलटली. मनिला परत घेतल्यावरही काही जपानी सैनिक या भिंतींआड होते. वरून तोफा-बॉम्बनी काही होणार नाही, हे ज्यांनी किल्ला बांधला त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? १३ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैनिक एका नौकेवरून थेट छतावर उतरले. बंदूकधाऱ्यांनी प्रत्येक भोकावर नेम धरून आतल्यांना वर येऊ दिलं नाही. अभियंत्यांनी डिझेल आणि पेट्रोलचं हजारो लिटर मिश्रण नळीनं आत सोडलं, वेळ लावून सुरुंग ठेवला आणि नौका दूर नेली. आतल्यांपैकी कोणीही वाचलं नाही. आग कित्येक दिवस धुमसत होती. लष्करी दृष्टीनं ही कारवाई चोख म्हटली जाते, पण आत कोंडलेल्या त्या साठ-सत्तर माणसांचा विचार केला की मला ती चोख म्हणवत नाही. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी घडवलेल्या जाडीनं आतल्यांची सुटकेची वाट बंद केली.

युद्धानंतर किल्ल्याची डागडुजी कोणी केली नाही. भंगारवाल्यांनी सुटं होईल तेवढं लोखंड नेलं. बुरूज आणि त्यांतल्या १४ इंची तोफा मात्र गंजलेल्या अवस्थेत अजून जागेवर आहेत.

पुढच्या आठवड्यात सिंगापूर. तिथल्या १५ इंची तोफांची तोंडं चुकीच्या दिशेला होती, असं सर्रास सांगितलं जातं. त्यात तथ्य किती, ते पाहू.