बर्फ संपायच्या आत

वाशी स्टेशनच्या बाहेर पडल्या पडल्या घामाची पहिली धार पाठीवरून उतरायला लागते, कॉलेजच्या कँटीनमध्ये चहापेक्षा ताक जास्त खपतं आणि ग्रुपवर फक्त सबमिशनच्या तारखा फिरतात. अशा दिवसांत कोणी तुम्हाला म्हणालं, ‘चल, स्कीइंगला जाऊ,’ तर? ‘वेडी आहेस का? सीझन संपला ना!’ असंच म्हणाल. गेल्या वर्षी मार्चमध्ये मीही हेच म्हणाले होते. नंतर धुळवडीचा रंग कानामागून पुरता निघायच्या आत आम्ही तिघी पनवेलच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या होतो. गोव्याहून चंडीगडला जाणारी संपर्क क्रांती पनवेलला थांबते, हे नवी मुंबईकरांना माहीत असायला हवं. चंडीगडच्या सेक्टर 43च्या बसस्टँडवरून रात्रभराची बस, आणि सकाळी मनाली.

जानेवारीत का नाही गेलो? खरं कारण पैसे. डिसेंबर-जानेवारीचे हॉटेलचे दर पाहूनच आम्ही बेत गुंडाळला होता. मार्चमध्ये तीच खोली निम्म्याहून कमी दरात मिळाली. म्हणजे आम्ही काही ‘स्प्रिंग स्कीइंग’चे फायदे वाचून गेलो नव्हतो, स्वस्त म्हणून गेलो. तिथे गेल्यावर कळलं की पहिल्यांदाच पायाला स्की बांधणाऱ्यांसाठी उतरता सीझन हाच बरा. दिवस मोठा, ऊन उबदार, थंडीने बोटं बधिर होत नाहीत, रांगा नाहीत. मुख्य म्हणजे बर्फ मऊ. आणि नवशिके काय करतात? पडतात. पहिल्या दिवशी मी सत्तावीस वेळा पडले. मैत्रिणीने मोजलं, मी नाही.

मात्र हा मऊ बर्फ दिवसभर मऊ नसतो, आणि इथेच खरी गंमत आहे. मार्चमध्ये दिवसा बर्फ वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. असं रोज रोज झालं की बर्फाच्या नाजूक चांदण्या उरतच नाहीत, त्यांचे गोल दाणे होतात. रात्री हे दाणे एकमेकांना घट्ट चिकटतात, त्यामुळे सकाळी आठ वाजता उतार म्हणजे शहाबादी फरशी. स्कीच्या कडा रुतत नाहीत, खर्र आवाज येतो आणि पडलात तर कोपर शेकून निघतं. मग ऊन येतं. वरचा दोन-तीन बोटांचा थर सुटा होतो, खालचा घट्टच राहतो. इंग्रजीत याला ‘कॉर्न स्नो’ म्हणतात, मक्याचा बर्फ. मला विचाराल तर तो भिजलेल्या साबुदाण्यासारखा दिसतो. नीट भिजलेला, मोकळा, दाणा न् दाणा वेगळा. त्यावर स्की अशी काही वळते की आपल्याला येतंय असं वाटायला लागतं. हे सुख साधारण दहा ते साडेबारा. त्यानंतर साबुदाण्याची गिचका झालेली खिचडी होते. पाय रुततात, स्की अचानक थांबते आणि तुम्ही मात्र पुढे जाता. दुपारच्या या ओल्या बर्फात गुडघा पिरगळायची भीती सगळ्यात जास्त. म्हणून इन्स्ट्रक्टर म्हणाला की बस, तर बस. ‘एकच लास्ट राइड’ हा हट्ट कॉलेजच्या पिकनिकला ठीक आहे, इथे नाही.

सूर्य कुठल्या उतारावर आधी येतो यावरही खेळ असतो. पूर्वेकडे तोंड असलेला उतार आधी सैल होतो, पश्चिमेकडचा उशिरा. मुरलेले स्कीअर सूर्याच्या मागे मागे उतार बदलत जातात. आम्ही काही मुरलेल्या नव्हतो, आम्ही नाश्ता उशिरा करायचो.

आता सोलंगबद्दल. मनालीपासून 13 किलोमीटर, उंची साधारण अडीच हजार मीटर. नेरूळची माणसं आपण, समुद्राच्या पातळीवर वाढलेली. एक रात्र मनालीत झोपून, भरपूर पाणी पिऊन मगच वर जा. माझं डोकं पहिल्या दिवशी दुखलंच. मनालीहून वर जाताना रस्त्याच्या कडेला भाड्याने कोट आणि गमबूट देणाऱ्या दुकानांची रांग लागते. दुकानांना नंबर असतात आणि गाडीवाला तुम्हाला त्याच्या ठरलेल्या नंबरपाशीच उतरवतो. तिथे घासाघीस करायला लाजू नका. आपल्या वाशीच्या मार्केटात जी जीभ वापरता तीच वापरा.

सोलंगला पोहोचलात की ‘मॅडम, स्कीइंग, फोटो, व्हिडिओ’ असं म्हणत गराडा पडेल. पायात स्की अडकवतील, मागून एक जण धरेल, वीस फूट ढकलेल, समोरचा रील काढेल, दहा मिनिटांत खेळ खलास. कुणाला तेवढंच हवं असेल तर माझी हरकत नाही. पण ते स्कीइंग नव्हे, ते स्कीइंगच्या वेशातलं फोटोसेशन. शिकायचं असेल तर किमान चार-पाच दिवस एकाच इन्स्ट्रक्टरकडे काढा. त्याहून नीट शिकायचं असेल तर मनालीतली अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आहे. 1961 पासूनची. तिथे हिवाळ्यात चौदा दिवसांचे स्कीइंग कोर्स असतात, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं आणि जागा बऱ्याच आधी भरतात. ट्रेकिंग करणाऱ्या तुमच्या सीनियर्सपैकी कोणीतरी तिथून बेसिक माउंटेनियरिंग करून आलेलं असणार, त्यांना गाठा.

आमचा इन्स्ट्रक्टर आमच्याहून तीन-चार वर्षांनीच मोठा असेल. आम्हाला ‘दीदी’ म्हणायचा, आम्ही त्याला ‘भैया’. त्याने पहिला तास फक्त बूट घालण्यात घालवला. स्कीचे बूट म्हणजे प्लॅस्टिकचं प्लास्टर. आत एकच मोजा, दोन नाहीत. दोन घातले तर पाय आत हलतो आणि फोड येतात. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी. मग स्की बांधून आडवं आडवं पाऊल टाकत उतार चढायचा, खेकड्यासारखा. शिकायच्या उतारावर तुम्हाला वर न्यायला काही नसतं, जितकं घसरायचं तितकं आधी चढायचं. खारघरच्या टेकडीवर किंवा बेलापूरला पारसिकच्या चढावर महिनाभर आधी चालून या, हे मी कळकळीने सांगतेय. आमच्यापैकी एकीने ते केलं होतं. उरलेल्या दोघी रात्री जिना उतरताना कठडा धरत होतो.

थांबायचं कसं? ‘पिझ्झा’ करून. स्कीची टोकं जवळ, मागच्या बाजू लांब, म्हणजे पिझ्झाच्या तुकड्याचा आकार. सोडून द्यायचं असेल तर दोन्ही स्की समांतर, ‘फ्रेंच फ्राइज’. जगभर लहान मुलांना असंच शिकवतात. आणि तुम्ही लहानपणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार चाकांचे स्केट्स घालून फिरला असाल, तर खूश व्हा. गुडघे वाकवणं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, सगळं कामाला येतं. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांमध्ये महाराष्ट्राच्या मुलामुलींनी आइस स्केटिंगमध्ये पदकं मिळवलीत, ती उगाच नाहीत. बर्फ नसलेल्या राज्यातून!

तिसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा न पडता खालपर्यंत आले. जेमतेम शंभर मीटरचा उतार असेल. खाली येऊन पिझ्झा केला, थांबले आणि वळून वर बघितलं, तेव्हा मागे माझ्या दोन वाकड्यातिकड्या रेषा होत्या. त्याच उताराच्या कडेने चिखल दिसायला लागला होता आणि मध्ये मध्ये गेल्या वर्षीचं पिवळं गवत. दोन दिवसांपूर्वी तिथे बर्फ होता.

तो चिखल बघून भैया गप्प झाला. मग बोलायला लागला. पूर्वी डिसेंबरच्या शेवटी उतार भरायचा, आता कधी कधी जानेवारी कोरडा जातो आणि बर्फ पडतो तो थेट फेब्रुवारीत. म्हणजे पर्यटक असतात तेव्हा बर्फ नाही, आणि बर्फ असतो तेव्हा पर्यटक परतलेले. त्याच्या घरची सफरचंदाची बाग आहे. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली नाही की फुलोरा बिघडतो. म्हणजे स्कीचे पैसेही बर्फावर आणि बागेचेही बर्फावर. एप्रिलपासून तो त्याच मैदानात पॅराग्लायडिंगच्या कामाला जातो. आमच्यासाठी सीझन संपणं म्हणजे स्वस्त खोली, आणि त्याच्यासाठी काय, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

हे फक्त सोलंगचं नाही. गुलमर्गला 2025ची खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीच्या शेवटी ठरली होती. बर्फच पुरेसा नव्हता म्हणून ती पुढे ढकलली आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. काश्मीरमध्ये ‘चिल्लई कलान’ म्हणून कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस मोजतात, 21 डिसेंबरपासून जानेवारीच्या शेवटापर्यंत. बर्फ तेव्हा पडायचा असतो, आणि स्पर्धेला मुहूर्त मिळाला मार्चचा! उत्तराखंडात औलीला कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली आहेत, पण हवाच गार नसेल तर यंत्र तरी काय करणार? शिवाय जानेवारी 2023 मध्ये जोशीमठात जमीन खचून घरांना तडे गेले, तेव्हापासून तिथून औलीला जाणारा रोपवे बंद पडला. आणि गुलमर्गचा गोंडोला कितीही खुणावत असला, तरी एप्रिल 2025 मधल्या पहलगामनंतर आपल्याकडे किती घरांत तो विषय निघतो, तुम्हीच सांगा. त्या दिवशी महाराष्ट्रातले सहा जण गेले, त्यातले एक पनवेलचे. आमच्या घरी यंदा काश्मीर हा शब्द मीही काढलेला नाही.

तरीही या एवढ्याशा, आखडत चाललेल्या सीझनमधून माणसं कुठवर जातात बघा. सोलंगजवळच्या बुरुआ गावची आंचल ठाकूर. जानेवारी 2018 मध्ये तुर्कस्तानात तिने स्लालममध्ये ब्राँझ जिंकलं, आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधलं भारताचं पहिलं पदक. तेव्हा ती 21 वर्षांची होती, म्हणजे तुमच्या-माझ्याच वयाची. युरोपातल्या मुलांना उन्हाळ्यातही हिमनद्यांवर सराव करता येतो, तिच्या गावासमोर मात्र मार्चमध्ये चिखल होतो. मी त्या चिखलात उभी होते म्हणून सांगते, ते पदक मला आता वेगळंच दिसतं.

जाणार असाल तर काही गोष्टी. इन्स्टावर ‘सोलंग टुडे’ म्हणून जे रील दिसतं ते जानेवारीतलं असू शकतं. हॉटेलवाल्याला किंवा इन्स्ट्रक्टरला व्हिडिओ कॉल करून उतार दाखवायला सांगा, मगच तिकीट काढा. बर्फ नसेल तर अटल टनेलच्या पलीकडे सिस्सूच्या बाजूला बऱ्याचदा असतो, पण तिथलं हवामान तासात पालटतं, स्थानिकांना विचारल्याशिवाय जाऊ नका. दोऱ्या-झेंड्यांनी आखलेला उतार सोडून ‘तिकडे कोणी नाहीये, मस्त आहे’ असं म्हणत अजिबात जायचं नाही. दुपारच्या उन्हात ओल्या बर्फाचा थर खाली सरकतो. मुरलेल्यांनाही हिमस्खलन सोडत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये गुलमर्गच्या अफरवटवर दोन पोलिश स्कीअर त्यात गेले. स्की घेताना बाइंडिंग तपासून घ्या. पडल्यावर स्की पायातून सुटली पाहिजे, नाहीतर स्की राहते आणि गुडघा जातो. खर्चाचं म्हणाल तर आठवड्याभराला आमचे प्रत्येकी पंधरा हजारांच्या आत बसले, स्लीपरने प्रवास आणि तिघींत एक खोली धरून. मी त्यासाठी आठ महिने स्टायपेंडमधून बाजूला काढत होते आणि पाम बीच रोडवरच्या एकाही कॅफेत गेले नव्हते.

आणि सनस्क्रीन. मला वाटलं होतं, बर्फात कसलं ऊन? ताजा बर्फ अंगावरची 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, आणि दर हजार मीटर उंचीला ती साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. म्हणजे ऊन वरूनही आणि खालूनही. नाकाच्या खाली, हनुवटीखाली, कानांच्या पाळ्यांना, सगळीकडे लावा. काळा चष्मा स्टाइलसाठी नाही, डोळ्यांसाठी. चांगल्या प्रतीचा घ्या, स्टेशनबाहेरचा नको.

शेवटच्या दिवशी सकाळपासून ढग होते. रात्री नीट गोठलंच नव्हतं, त्यामुळे फरशीही नव्हती आणि साबुदाणाही नव्हता, सुरुवातीपासूनच खिचडी. आम्ही दोन चकरा मारल्या. तिसऱ्यांदा चढताना पाऊस सुरू झाला, बर्फ नाही, पाऊस. भैयाने हात वर करून नाही म्हटलं. आम्ही बूट काढले, ते जड ओले बूट त्याच्या हातात दिले. त्याने आमच्या तिन्ही स्की एकत्र बांधल्या, खांद्यावर टाकल्या आणि मैदानाच्या कडेकडेने, जिथे अजून पांढरं होतं तिथून, तो चालत गेला. चिखलातून सरळ गेला असता तर लवकर पोहोचला असता.

पनवेलला उतरलो तेव्हा दुपार होती आणि जॅकेट कमरेला बांधूनही नकोसं झालं होतं. आईने दार उघडलं, माझ्या सोललेल्या नाकाकडे आणि डोळ्यांभोवतीच्या चष्म्याच्या पांढऱ्या गोलांकडे बघितलं आणि म्हणाली, ‘अगं, बर्फात गेली होतीस ना? मग ही भाजून कुठून आलीस?’