टेलिकन्व्हर्टर

टेलिकन्व्हर्टर : कॅमेरा व त्याचे मुख्य भिंग यांच्यामध्ये बसविण्यात येणारा, मुख्य भिंगाचे केंद्रांतर वाढविणारा अपसारी भिंगव्यूह. दूरच्या वस्तूची प्रतिमा मोठी मिळावी म्हणून वन्य प्राणी, पक्षी, मैदानी खेळ इत्यादींच्या छायाचित्रणात त्याचा उपयोग करतात. सामान्यतः १·४, १·७ व २ पट वर्धनाचे टेलिकन्व्हर्टर प्रचारात आहेत. दीर्घ केंद्रांतराच्या स्वतंत्र भिंगापेक्षा ते हलके व स्वस्त असतात. तथापि त्यांच्यामुळे प्रतिमेवरील प्रकाश घटतो आणि स्वयंचलित केंद्रीकरणावर मर्यादा पडतात. केंद्रांतर बदलता येणाऱ्या झूम भिंगांच्या बाबतीत या मर्यादा विशेष जाणवतात.

तत्त्व : मुख्य भिंगातून येणारे अभिसारी किरण अपसारी भिंगातून जाताना कमी अभिसारी होतात, त्यामुळे ते अधिक मागे एकत्र येतात व प्रतिमा मोठी पडते. इंग्लिश गणितज्ञ पीटर बार्लो (१७७६–१८६२) यांच्या नावाने ओळखले जाणारे दूरदर्शकातील भिंग याच तत्त्वावर आधारलेले आहे. द्वारकाचा व्यास तोच राहून केंद्रांतर वाढत असल्याने केंद्रांतर व व्यास यांचे गुणोत्तर, म्हणजे एफ अंक, त्याच पटीत वाढतो. तेवढाच प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पसरून १·४ पट वर्धनात तो निम्मा व २ पट वर्धनात एक चतुर्थांश उरतो. उदा., ७०–२०० मिमी. केंद्रांतराचे एफ/२·८ झूम भिंग २ पट टेलिकन्व्हर्टरमुळे १४०–४०० मिमी., एफ/५·६ असे होते. प्रतिमेबरोबर मुख्य भिंगातील विपथनेही (प्रतिमादोषही) मोठी होतात. झूम भिंगात हे दोष सर्व केंद्रांतरांना सारखेच दुरुस्त करणे कठीण असल्याने ते अधिक नजरेस येतात.

स्वयंचलित केंद्रीकरण : ही सोय अंगभूत असलेला मिनोल्टा ७००० हा कॅमेरा १९८५ मध्ये बाजारात आला व त्यानंतर आरसायुक्त कॅमेऱ्यांत प्रावस्थाभेद पद्धत रूढ झाली. तीत भिंगाच्या दोन विरुद्ध बाजूंकडून आलेल्या किरणांच्या दोन प्रतिमा संवेदकांवर पाडतात आणि त्यांमधील अंतरावरून भिंग कोणत्या दिशेला व किती सरकवावयाचे हे ठरवितात. यासाठी किरण ठराविक कोनातून यावे लागतात. अनेक कॅमेऱ्यांत ही रचना एफ/५·६ पर्यंतच्या द्वारकासाठीच केलेली होती. एफ अंक त्याहून वाढल्यास किरणशंकू अरुंद होऊन संवेदकांकडे जाणारे किरण कापले जातात. म्हणजेच अडचण केवळ अपुऱ्या प्रकाशाची नसून भूमितीचीही आहे. म्हणून भर उन्हातही केंद्रीकरण फसू शकते. पुढे काही कॅमेऱ्यांत मध्यवर्ती बिंदूसाठी ही मर्यादा एफ/८ पर्यंत नेण्यात आली.

पुष्कळ झूम भिंगांचा एफ अंक केंद्रांतराबरोबर बदलतो. ७०–३०० मिमी., एफ/४–५·६ अशा भिंगास त्याला जुळणारा १·४ पट टेलिकन्व्हर्टर जोडल्यास आखूड टोकाला एफ/५·६, तर लांब टोकाला एफ/८ मिळते. ज्या टोकासाठी तो जोडावयाचा तेथेच केंद्रीकरण डळमळते. शिवाय केंद्रीकरणातील चूकही वर्धनाच्या पटीत अधिक अस्पष्टता निर्माण करते. अचूकता राखण्यासाठी कॅनन कंपनीच्या ईएफ मालिकेत भिंग सरकण्याचा वेग १·४ पट वर्धनात निम्म्याने व २ पट वर्धनात तीन चतुर्थांशाने कमी होतो.

प्रत्यक्ष उपयोग : सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे गावाजवळ असलेल्या सागरेश्वर अभयारण्यासारख्या ठिकाणी या गुणदोषांचा कस लागतो. सु. १०·८७ चौ. किमी. क्षेत्राचे हे अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या या मानवनिर्मित वनात सांबर, चितळ व काळवीट आढळतात. जवळ गेल्यास हरणे बिथरतात, म्हणून दीर्घ केंद्रांतर आवश्यक ठरते. परंतु सांबर चरावयास बाहेर पडते ते मुख्यतः तिन्हीसांजेनंतर व पहाटे, म्हणजे प्रकाश सर्वांत कमी असताना. दुपारी प्रकाश भरपूर असला, तरी तापलेल्या जमिनीवरील हवेच्या हेलकाव्यांमुळे लांबची प्रतिमा थरथरते व वाढीव वर्धनाने तो दोषही वाढतो. १००–४०० मिमी., एफ/४·५–५·६ भिंगास १·४ पट टेलिकन्व्हर्टर जोडून ५६० मिमी. मिळतात खरे, पण एफ/८ द्वारकावर संध्याकाळी शटरचा वेग तरी मंदावतो किंवा संवेदनक्षमता वाढवून प्रतिमा दाणेदार होते. अशा वेळी टेलिकन्व्हर्टर काढून छायाचित्राचा मधला भाग नंतर मोठा करणे अधिक हिताचे ठरते.

नवीन सुधारणा : आरसाविरहित कॅमेऱ्यांत प्रतिमा-संवेदकावरच प्रावस्थाभेद मोजतात, त्यामुळे एफ/५·६ ची जुनी मर्यादा बरीच सैल झाली. २०२० मध्ये आलेला कॅनन ईओएस आर५ हा कॅमेरा एफ/२२ पर्यंत स्वयंचलित केंद्रीकरण करू शकतो. यांत्रिक अडचणी मात्र उरतात : कॅननच्या आरएफ १००–५०० मिमी. झूम भिंगास टेलिकन्व्हर्टर जोडल्यावर ते ३००–५०० मिमी. या पल्ल्यातच वापरता येते. काही झूम भिंगांत टेलिकन्व्हर्टर आतच बसवून तो खटक्याने आत-बाहेर सरकविण्याची सोय असते, उदा., कॅनन २००–४०० मिमी. (२०१३) व निकॉन १८०–४०० मिमी. (२०१८). मुख्य भिंगाच्या आराखड्यातच त्याचा विचार केलेला असल्याने प्रतिमा चांगली मिळते.

केंद्रीकरणाची भूमितीय अडचण अशा रीतीने कमी झाली असली, तरी प्रकाशाची घट टळलेली नाही. म्हणून टेलिकन्व्हर्टर निवडताना वाढणाऱ्या केंद्रांतरापेक्षा अंती मिळणारा एफ अंक व उपलब्ध प्रकाश यांचा विचार आधी करावा लागतो.