दात पांढरे करायचे : दवाखान्यात की घरी?



घरात लग्नकार्य ठरले की पिवळ्या दातांची आठवण होते. मग कोणी राखुंडी घासतो, कोणी लिंबू-मीठ, कोणी कोळसा. दात उजळ दिसतात खरे, पण वरचे कवच झिजते आणि ते पुन्हा भरून येत नाही. पुढे गार पाणीही सोसत नाही.

आपण माती पाहून खत टाकतो, तसा डाग पाहून उपाय करावा. मिश्री, तंबाखू, चहा यांचा थर बाहेरून बसतो. दंतवैद्याने दात साफ केले की तो पुष्कळसा निघतो, आणि बऱ्याचदा तेवढ्यावरच भागते. पाण्यातील जादा फ्लोराइडचे डाग मात्र लहानपणी दात बनतानाच पडलेले असतात. ते घासून जात नाहीत.

त्याउपर पांढरे करायचेच, तर दोन मार्ग आहेत. दवाखान्यात हिरड्या झाकून तीव्र पेरॉक्साइड लावतात. फरक लगेच दिसतो, पण खर्च जास्त. घरी करायचे तर दंतवैद्याकडून दातांच्या मापाचा साचा करून घ्यावा आणि त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल घालून सांगितल्याप्रमाणे लावावी. दोनेक आठवडे लागतात, खर्च कमी. दोन्हींत काही दिवस दात आंबतात. किडके दात आधी भरून घ्यावेत. बसवलेल्या दातांचा रंग बदलत नाही.

मिश्री-तंबाखू चालूच ठेवली, तर पैसे पाण्यात गेले समजा. आणि तोंडात पांढरा वा लाल चट्टा असेल, तोंड पुरते उघडत नसेल, तर रंगाचे राहू द्या. आधी डॉक्टरांना दाखवा. ती कॅन्सरची पूर्वसूचना असू शकते.