एदमोंद दांतेस: पीडित की सूत्रधार?

परवा वाचनालयात एक कॉलेजकुमार म्हणाला, "मॉन्टे क्रिस्टो म्हणजे सूडाची भारी गोष्ट!" खरंय, पण अर्धंच.

आलेक्सांद्र द्युमांची ही कादंबरी 1844 ते 1846 दरम्यान पॅरिसच्या वृत्तपत्रात क्रमशः आली. मार्सेचा तरुण खलाशी दांतेस 1815 मध्ये साखरपुड्याच्या जेवणावरूनच पकडला जातो. त्याचा हेवा करणाऱ्या दोघांपैकी दांग्लार त्याच्याविरुद्ध निनावी पत्र लिहितो, फेर्नां ते पोचवतो. सरकारी वकील व्हिलफोर स्वतःची कातडी वाचवायला त्याला शातो दीफच्या तुरुंगात डांबतो. तिथे 14 वर्षं जातात.

तिथे त्याला घडवणाऱ्या आबे फारियाचं नाव आपल्या गोव्यातल्या कांदोळीत जन्मलेल्या खऱ्या आबे फारियांवरून आलंय.

इथवर आपण पूर्णपणे दांतेसच्या बाजूने असतो. माझं मन अडकतं ते पुढे, तो तुरुंगातून पळून 'मॉन्टे क्रिस्टोचा काउंट' बनून सूड घ्यायला परततो तेव्हा.

व्हिलफोरच्या बायकोला विषांची माहिती तोच देतो. मग त्या घरात एकामागून एक माणसं मरतात. शेवटी ती आपल्या लहानग्या एदुआरलाही विष देते. त्या पोराचा काय गुन्हा होता?

दांतेस त्याला वाचवायला धडपडतो, पण उशीर झालेला असतो. आपण देवाच्या वतीने न्याय करतोय, हा त्याचा विश्वास तिथे ढळतो. पुढे दांग्लारला तो उपाशी ठेवतो, पण जिवंत सोडतो.

अन्याय सोसल्याने दुःख खरं ठरतं, पण पुढचं प्रत्येक कृत्य योग्य ठरत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

तुम्ही दांतेसला माफ कराल? कमेंटमध्ये सांगा. कादंबरीबद्दल प्रश्न असतील तर तेही जरूर विचारा.