दोन बोटांची उणीव

पाश्चात्त्य संगीतांत हेवी मेटल या नांवानें जो प्रकार ओळखला जातो, त्याविषयीं सुशिक्षित घरांतून बहुधा दोनच गोष्टी माहीत असतात. एक, तो कर्कश असतो. आणि दुसरी, तो वाजविणारे लोक काळे कपडे घालून, केस वाढवून गांवोगांव फिरत असतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु त्या कर्कशपणाच्या मुळाशीं एका कारखान्यांतील अपघात आहे, हें मात्र फारसें कोणास ठाऊक नसतें.

इंग्लंडांतील बर्मिंगहॅम हें लोखंडाचें आणि यंत्रांचें शहर. तेथें 1948 च्या फेब्रुवारींत टोनी आयोमी जन्मला. घराणें मूळचें इटालियन. घरांत अकॉर्डियन वाजविण्याची चाल. मुलाला खरें तर ड्रम हवे होते. पण त्यांचा गोंगाट घरांत कोण सोसणार, म्हणून तें राहून गेलें आणि त्यानें गिटार धरली. पुढें ज्या वादकानें एका सबंध पिढीच्या कानठळ्या बसविल्या, त्याच्या हातीं हें वाद्य आलें तें आवाज कमी व्हावा म्हणून!

आयोमी डावखुरा. त्यामुळें त्याचा डावा हात तारा छेडतो आणि उजव्या हाताचीं बोटें त्या दाबतात. 1965 सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, पत्र्याच्या कारखान्यांतील नोकरी सोडून तो एका वाद्यवृंदाबरोबर दौऱ्यावर निघणार होता. नोकरीचा शेवटचा दिवस होता. दुपारीं जेवावयास घरीं आला तो परत न जाण्याच्या विचारानें. पण आईनें बजावलें कीं, हातीं घेतलेलें काम पुरें करून ये. त्या दिवशीं एक कामगार गैरहजर होता, म्हणून त्याला नेहमीचें काम सोडून पत्रा दाबण्याच्या यंत्रावर उभें केलें गेलें, आणि त्या यंत्रानें उजव्या हाताच्या मधल्या बोटाचें व अनामिकेचें टोंक तोडून नेलें. आतां वाजविणें विसर, असें डॉक्टरांनीं सांगितलें.

कारखान्यांतील त्याचा वरिष्ठ एक ध्वनिमुद्रिका घेऊन त्याच्याकडे आला. आयोमीला ती ऐकावयाची मुळींच इच्छा नव्हती. ऐकून झाल्यावर त्याला कळलें कीं, वाजविणारा जँगो राइनहार्ट हा डाव्या हाताच्या दोनच धड बोटांनीं सुरावटी वाजवीत असे. 1928 सालीं त्याच्या राहत्या गाडीस आग लागून त्याचीं उरलेलीं दोन बोटें निकामी झालीं होतीं. हताश मुलाला उपदेश करण्याऐवजीं गाणें ऐकविणारा हा गृहस्थ मोठा शहाणा म्हटला पाहिजे.

आयोमीनें भांडीं धुण्याच्या द्रवाची प्लॅस्टिकची बाटली वितळविली, तिच्या बोटांवर बसतील अशा टोप्या केल्या, त्या तासून गुळगुळीत केल्या आणि तारेवर पकड बसावी म्हणून वर जुन्या जाकिटाचें चामडें चिकटविलें. पण कृत्रिम टोंकाला स्पर्श कळत नाहीं. तार किती दाबली हें बोट सांगत नाहीं. तें कानानें ओळखावें लागतें. जाड तारा दाबतांना वेदना होत, म्हणून त्यानें बँजोच्या बारीक तारा गिटारीला चढविल्या. तसा तयार संच त्या काळीं बाजारांत मिळत नसे. पुढें 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या ध्वनिमुद्रिकेंतील कांहीं गीतांत त्यानें तारा नेहमीपेक्षां तीन अर्धस्वर खालीं उतरविल्या. तार सैल झाली, बोटांस आराम पडला, आणि नाद असा खोल व जड झाला कीं, पुढील असंख्य वादकांनीं धडधाकट बोटें असतांनाहि तीच रीत उचलली.

त्याच्या वादनाचें दुसरें अंग आपल्या स्वरांच्या भाषेंत सहज सांगतां येतें. पाश्चात्त्य पद्धतींत गंधारासह अनेक स्वर एकदम दाबून स्वरसमूह वाजवितात. आयोमी बहुधा षड्ज आणि पंचम एवढेच घेतो. विद्युत्‌ध्वनिवर्धकांतून आवाज मुद्दाम फाडला, कीं गंधार इतर स्वरांशीं घासून गढूळ होतो. षड्ज-पंचमाची जोडी मात्र स्वच्छ राहते. ‘ब्लॅक सॅबथ’ या गीताचा पाया तर तीन स्वरांचा आहे: खालचा षड्ज, वरचा षड्ज आणि मग तीव्र मध्यम. यमनांत गोड लागणारा हा मध्यम येथें नुसत्या षड्जाशेजारीं उघडा पडतो, आणि अंगावर कांटा आणतो.

1968 सालीं चार बर्मिंगहॅमकरांनीं जो वाद्यवृंद उभा केला, त्यानें याच गीताचें नांव धारण केलें. त्याच वर्षाच्या अखेरीस आयोमी कांहीं आठवडे जेथ्रो टल या दुसऱ्या संचांत जाऊन आला. तेथें सकाळीं नवाच्या ठोक्याला तालीम सुरू होई. परत आल्यावर त्यानें आपल्या उशिरां उठणाऱ्या सोबत्यांस तीच शिस्त लावली. पहिली ध्वनिमुद्रिका 1969 च्या ऑक्टोबरांत एका दिवसांत ध्वनिमुद्रित झाली, ती या तालमींच्या आणि फिरतीच्या जोरावर. हँबुर्गच्या स्टार क्लबांत एकाच दिवसांत अनेक बैठकी वाजविलेल्या मंडळींस एक दिवस पुष्कळ होता.

फिरतीचें आयुष्य बाहेरून दिसतें तसें रंगीत नसतें. रात्रीं दोन तास हजारोंसमोर, आणि उरलेले बावीस तास गाडी, विमान, अनोळखी खोली. हा रिकामा वेळ भरून काढण्यास या मंडळींनीं कोकेनचा आश्रय केला. 1972 च्या सप्टेंबरांत हॉलिवूड बोल येथील कार्यक्रम आटोपल्यावर आयोमी कोसळला. कीर्तीच्या कथांत हा भाग विनोदानें सांगण्याची प्रथा आहे. ती बरी नव्हे. 1979 सालीं गायक ऑझी ऑस्बोर्न याला व्यसनापायींच संच सोडावा लागला. त्यानंतर गायक बदलले, वादक बदलले; पहिल्यापासून अखेरपर्यंत टिकला तो एकटा आयोमी. बोलणें थोडें, रंगमंचावर हालचाल त्याहून थोडी. लोकांनीं पाहावयाचें तें गायकाकडे, आणि आपण तारांकडे, अशी त्याची वृत्ति.

2012 च्या जानेवारींत त्याला लसिकाग्रंथींचा कर्करोग असल्याचें निदान झालें. तेव्हां जुन्या सोबत्यांबरोबर नवी ध्वनिमुद्रिका घडत होती. काम थांबलें नाहीं. सोबती इंग्लंडांत त्याच्याकडे गेले. 2013 च्या जूनमध्यें ती ‘13’ या नांवानें निघाली आणि ब्रिटन व अमेरिका दोन्हीकडे पहिल्या स्थानीं गेली. त्यानंतरचा दौरा वैद्यांच्या वेळापत्रकाप्रमाणें आंखला होता: सुमारें सहा आठवडे झाले, कीं औषधासाठीं मायदेशीं परत.

2017 च्या 4 फेब्रुवारीस बर्मिंगहॅम येथें शेवटचा दौरा संपला. तरी 2025 च्या 5 जुलैस मूळचे चौघे पुन्हां एकदां एकत्र आले, तेहि ॲस्टनच्या व्हिला पार्क मैदानांत, म्हणजे ज्या भागांत ते वाढले त्याच भागांत. ऑस्बोर्न सिंहासनावर बसून गायला. सतरा दिवसांनीं तो वारला. त्या संध्याकाळीं चौघांनीं चार गीतें वाजविलीं. आयोमीचें वय 77 वर्षें होतें, आणि उजव्या हाताच्या त्या दोन बोटांवर टोप्या होत्या.