लेसर प्रिंटरचा वेग : खोक्यावरचा आणि दुकानातला

जळगावातील आमच्या कापड दुकानासाठी आम्ही मिनिटाला 30 पाने छापणारा लेसर प्रिंटर घेतला. गिऱ्हाईक उभे, ट्रान्सपोर्टवाला घाई करतोय आणि बिल काही लवकर निघेना! प्रिंटर नादुरुस्त नव्हता, आमचाच हिशेब चुकला होता.

खोक्यावरचा आकडा बहुधा यंत्र तापल्यावर साधी पाने सलग छापतानाचा असतो. शाईची पूड वितळवून कागदावर बसवणारा रोलर आधी तापावा लागतो. संगणकाकडून आलेले पान प्रिंटर ठिपक्यांत मांडतो. चित्रे असली की त्याला जास्त वेळ लागतो. जाड कागद, लिफाफे, दोन्ही बाजूंची छपाई यांनीही वेग उतरतो.

2017 च्या जीएसटीपासून मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात : गिऱ्हाईक, वाहतूकदार आणि आपण. समजा, पहिले पान 8 सेकंदांत आणि पुढची दोन प्रत्येकी 2 सेकंदांत निघाली. एकूण 12 सेकंद, म्हणजे मिनिटाला 15 पाने. जाहिरातीच्या निम्मे! यंत्र थंड असेल तर त्याहूनही कमी.

म्हणून खरेदी करताना 'पहिले पान किती सेकंदांत?' हे जरूर विचारावे. 2009 च्या आयएसओ 24734 मापाने दिलेला आकडा अधिक भरवशाचा. तिन्ही प्रती एकाच हुकुमात काढाव्यात. कापड आपण मोजूनच घेतो; तसेच आपलेच बिल छापायला लावून, घड्याळ पाहून मग पैसे मोजावेत.